आयर्लंडमध्ये सरकारी तपासणीत निदान चुकलं तर पेशंटला सांगतात का?

आता सांगावंच लागतं, पण ते आपोआप झालेलं नाही. विकी फेलन या बाईंची २०११ ची स्मिअर टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करतात ती तपासणी) नॉर्मल म्हणून आली, २०१४ मध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, मग जुनी स्लाइड परत तपासली तर रिपोर्ट चुकलेला, आणि हे त्यांना कळलं कधी तर २०१७ मध्ये! कोर्टात तडजोड करताना तोंड बंद ठेवायची अट होती, ती त्यांनी धुडकावली म्हणून २०१८ मध्ये बाकीच्या बायकांचं पण बाहेर आलं, बहुतेकींना काही सांगितलंच नव्हतं. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे सरकारी तपासणीवाल्यांकडून डॉक्टरांना गेलेलं पत्र, बाई वारली असेल तर फेरतपासणीचा निकाल फक्त तिच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवा, घरच्यांचं नावच नाही त्यात.

तसं स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे लक्षणं नसताना करतात त्या तपासणीत, काही केसेस सुटतातच, प्रत्येक वेळी तो हलगर्जीपणा नसतो, पण लपवाछपवीला काय कारण? २०२३ चा कायदा सप्टेंबर २०२४ पासून लागू झालाय, त्यात ठरावीक गंभीर घटना पेशंटला सांगणं सक्तीचं आहे आणि कॅन्सर निघाल्यावर आपल्या जुन्या स्क्रीनिंगचा रिव्ह्यू मागता येतो. मागा, आणि लेखीच मागा.