ओरा-०१००० : मर्यादा वाढवण्याआधी न मिटलेले कर्सर शोधा

देवगडच्या आंबा पॅकिंगसाठी तुम्ही लिहिलेला जावा प्रोग्राम सकाळी नीट चालतो, पेट्यांच्या नोंदी वाढल्या की दुपारी ओरा-०१००० (ओरॅकल डेटाबेसची एरर: उघड्या कर्सरची, म्हणजे क्वेरी चालवताना धरून ठेवलेल्या जागांची, मर्यादा ओलांडली) येतो, आणि प्रोग्राम बंद करून परत चालू केला की सगळं सुरळीत. ही शेवटची खूण महत्त्वाची. प्रोग्राम बंद झाला की सेशन (त्याची डेटाबेसशी असलेली जोडणी) संपतं आणि त्याने उघडे ठेवलेले सगळे कर्सर सुटतात. म्हणजे ओरॅकलमध्ये बिघाड नाही, कोड कर्सर उघडतोय आणि मिटत नाहीये.

तुमच्या कोडमध्ये बागायतदाराचा दर काढणारी क्वेरी लूपच्या आत, दर पेटीला नव्याने प्रिपेअर (चालवण्यासाठी तयार) होते. मजकूर तोच असला तरी स्टेटमेंट (क्वेरी चालवणारा जावातला ऑब्जेक्ट) दर वेळी नवं. तुम्ही रिझल्टसेट (क्वेरीचं आलेलं उत्तर) बंद करताय, स्टेटमेंट मात्र तसंच राहतंय. खरं तर स्टेटमेंट बंद केलं की त्याचा रिझल्टसेट आपोआप बंद होतो. म्हणून प्रिपेअर लूपच्या बाहेर एकदाच करा, आत फक्त बदलत्या व्हॅल्यू भरून चालवा. प्रिपेअर करण्याचा फायदाही तेव्हाच मिळतो.

एक सांभाळा. तेच स्टेटमेंट पुन्हा चालवलं की त्याचा आधीचा रिझल्टसेट मिटतो. बागायतदारांची यादी वाचता वाचता आत पेट्यांची क्वेरी चालवायची असेल, तर दोन्हींना वेगळी स्टेटमेंट हवीत.

ओपन_कर्सर्स, म्हणजे उघड्या कर्सरच्या मर्यादेची सेटिंग, वाढवायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. ती मर्यादा दर सेशनला असते, मुळात ५०. एका वेळी खरंच तेवढे कर्सर लागत असतील तर जरूर वाढवा. इथे तशी गरज दिसत नाही. हजार केलीत तर एरर दुपारऐवजी संध्याकाळी येईल, नेमका वाशीचा ट्रक भरत असताना.

खात्री करायला व्ही$सेसस्टॅट या सेशनची आकडेवारी दाखवणाऱ्या ओरॅकलच्या व्ह्यूमधला ‘ओपन्ड कर्सर्स करंट’ (सध्या उघडे कर्सर) हा आकडा बघा. व्ही$ओपन_कर्सरमधल्या ओळी मोजून निष्कर्ष काढू नका, तिथे कॅश केलेले (पुन्हा वापरायला राखून ठेवलेले) कर्सरही दिसतात. पण कोणती क्वेरी पुन्हा पुन्हा उघडी राहतेय, ते शोधायला तोच व्ह्यू कामाचा.

क्लोज नुसतं शेवटच्या ओळीत लिहून भागत नाही. मध्येच एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) आलं की ती ओळ चालतच नाही. जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, त्यात उघडलेलं आपोआप बंद होतं; स्टेटमेंट त्यातच उघडा. मग नोंदी टाकत तो आकडा पाहत राहा. स्थिर राहिला तर काम झालं. चढतच राहिला तर पावती छापणारा भाग इथे टाका, तिथलाही लूप बघू.