गॉल्फचे टायर आणि तू न विचारलेलं थोडं

तू विचारलंस, दादा, न्यूरेंबर्गला आल्यावर जुनी फोक्सवॅगन गॉल्फ गाडी घ्यायची म्हणतोय. विकणारा १६ इंची उन्हाळी आणि १५ इंची हिवाळी असे टायरांचे दोन सेट देतोय, यात काही गोम तर नाही ना? आणि पुढे १८ इंची अलॉय बसतील का? व्हिसा नि ब्लू कार्डाचं मी काही लिहीत नाही, ते सरकारी पानांवर नीट आहे.

गोम नाही. टायरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं असेल. २०५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे साइडवॉल रुंदीच्या ५५ टक्के, साधारण ११३ मिमी. आर म्हणजे रेडियल, १६ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार चालतो, व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंत. आता दोन साइडवॉल अधिक रिम अशी बेरीज कर: ६३२ मिमी. १५ इंचीचा आकडा १९५/६५ असेल तर ६३४.५, आणि २२५/४० आर १८ चा ६३७. रिम वाढली की साइडवॉल बारीक होते, बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो. तो जास्त वाढला तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि इथले कॅमेरे मीटर बघत नाहीत.

पण व्यास जुळला म्हणजे झालं, असं नाही. बोल्टांचा घेर (पाचव्या पिढीपासूनच्या गॉल्फला ५×११२), रिमची रुंदी आणि ईटी, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं, हेही जुळायला हवं. गोव्यात फोंड्याला टायरवाला "बसता रे" म्हणाला की गाडी रस्त्यावर. इथे कागद बोलतो. गाडीच्या नोंदणीपत्रात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत बहुतेक एकच साइज छापलेली असते. तेवढ्यावरून १८ इंची चालत नाही असं समजू नकोस, बाकीच्या मान्य साइज सीओसी नावाच्या, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या कागदात असतात. त्यातही नसेल तर रिमसोबत आलेली मान्यतेची कागदपत्रं वाच; काहींना टीयूव्हीकडे (गाड्या तपासणारी संस्था) तपासणी आणि नोंद लागते. ती टाळलीस तर विम्यालाही कारण मिळतं. मला विचारशील तर १६ वरच राहा. ४० चा टायर घेऊन सप्टेंबरात बोरीच्या रस्त्याने गेलेल्या कुणालाही विचार.

हिवाळी टायरवर डोंगर आणि बर्फाच्या कणाचं चिन्ह बघ. नुसतं एम+एस (चिखल-बर्फाची जुनी खूण) ऑक्टोबर २०२४ पासून बर्फात चालत नाही. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५वा आठवडा. दहा वर्षांचा सेट फुकट दिला तरी घेऊ नकोस.

मुलगा दुसरीत जाईल म्हणालास, म्हणून हे लिहितोय. बायर्नमध्ये (न्यूरेंबर्ग याच राज्यात) चौथीनंतर वाटा फुटतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा (इथे १ हा सगळ्यात चांगला गुण). माझ्या मुलीचं गणित उत्तम, जर्मनने मात्र आकडा वर नेला. बाईंनी अत्यंत सौजन्याने कागद पुढे केला. दहा वर्षांच्या पोरीला मातृभाषा नसलेल्या भाषेत तोलायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, हे मला आजही पटत नाही. पुढे शाळा बदलायचे रस्ते आहेत, ती आता छान शिकतेय, आणि डिचोलीला परत जाऊया म्हटलं तर तीच तोंड फिरवते. पगार पटतो, रस्ते पटतात, गणपतीच्या चवथीला रजा नाही हेही एकदाचं पचलं, पण तो कागद अजून फाइलीत आहे आणि फाइल चाळताना मी तो उलटा ठेवतो. बायको म्हणते, टाकून दे. टाकवत नाही.

म्हणून मुलाचं जर्मन फोंड्यातच सुरू कर, विमानात बसल्यावर नव्हे. रोज अर्धा तास, तुम्हा दोघांसकट.

एकटेपणा? असतो. मराठी माणसं सगळीकडे भेटतात, निम्मी आवडतील.

विकणाऱ्याकडून नोंदणीपत्राच्या दोन्ही बाजू, सीओसी आणि आठही टायरांच्या डीओटीचे फोटो मागव. पैसे देण्याआधी मला पाठव, रविवारी बघतो.