फ्रान्समध्ये टेनिस कोच व्हायचंय, त्या ताईंना

ताई, नवऱ्याची बदली पॅरिसला होतेय, तुम्ही पुण्यात दहा वर्षं टेनिस शिकवताय आणि विचारताय की तिकडे परदेशी बाईला कोच म्हणून उभं करतील का. ‘आमेली मोरेस्मोच्या देशात अडचण नसावी’ असंही तुम्ही लिहिलंय. मी या फ्रेंच टेनिसपटूच्या जन्मगावी, पॅरिसजवळच्या सें-जेर्में-आं-लेमध्ये राहते आणि इथल्या क्लबात शिकवते, म्हणून सविस्तर सांगते.

मोरेस्मोला तिच्या देशातही काही आयतं मिळालं नाही. सप्टेंबर २००४मध्ये ती जगात पहिली आली, पण तेव्हा तिच्याकडे एकही ग्रँड स्लॅम नव्हतं आणि त्यावरून तिला किती ऐकावं लागलं! २००६मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकली, दोन्हीकडे समोर बेल्जियमची जस्टिन एना. मेलबर्नला एनाने सामना अर्ध्यावर सोडला, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. विम्बल्डनला मात्र पहिला सेट २-६ गमावून तिने पुढचे ६-३, ६-४ असे घेतले. १९२५च्या सुझान लाँग्लेननंतर तिथे एकेरी जिंकणारी ती पहिली फ्रेंच बाई. रोलाँ गारोसला, म्हणजे फ्रेंच ओपनला, मात्र ती उपांत्यपूर्व फेरीपुढे कधीच गेली नाही.

तुमच्या कामाचा आहे तो पुढचा भाग. २००९च्या अखेरीस ती निवृत्त झाली, मग फेड कपच्या, म्हणजे बायकांच्या सांघिक स्पर्धेच्या, फ्रेंच संघाची कर्णधार झाली. २०१३मध्ये फ्रेंच खेळाडू मारियों बार्तोली वडिलांच्या प्रशिक्षणातून बाहेर पडून तिच्याकडे आली आणि एकही सेट न गमावता विम्बल्डन जिंकली. जून २०१४मध्ये ब्रिटनच्या अँडी मरेने मोरेस्मोला कोच नेमलं, आणि मग तो हरला की दोष हिचा. मरेने तिची बाजू जाहीरपणे घेतली. मे २०१५मध्ये त्याने आधी म्युनिक आणि मग नदालला हरवून माद्रिद जिंकलं. क्लेवरच्या, म्हणजे लाल मातीच्या कोर्टावरच्या, पहिल्या दोन ट्रॉफ्या त्याला हिच्या हाताखाली मिळाल्या, हे मी आजही पालकांना सांगते.

कारण त्याच वर्षी आमच्या क्लबात एका पालकाने मला तोंडावर सांगितलं होतं, ‘मुलगा चौदाचा झाला, आता त्याला पुरुष कोच हवा.’ मी घरी येऊन रडले होते. मुलगा मात्र माझ्याकडेच राहिला.

आता कागदपत्रं. इथे पैसे घेऊन कुठलाही खेळ शिकवायचा तर मान्यताप्राप्त पदविका आणि क्रीडाशिक्षकाचं ओळखपत्र, म्हणजे ‘कार्त प्रोफेस्योनेल’, लागतं. टेनिसची मुख्य पदविका ‘देजेप्स’. मी राज्य पातळीवरच्या प्रमाणपत्रांची फाइल घेऊन गेले होते. इथल्या लोकांनी ती आदराने पाहिली आणि परत दिली. पहिलं वर्ष मी विनामोबदला मदतनीस म्हणून काढलं. वाईट वाटून घेऊ नका, भाषा तिथेच सुटली. फ्रेंच आत्तापासून शिका. ‘प्ली ले जांब’, म्हणजे गुडघे वाकव, हे मी दिवसातून शंभरदा म्हणते. मुलं तुम्हाला ‘मॅडम’ नाही, नावानेच हाक मारतील; तो अपमान समजू नका. नवऱ्याच्या व्हिसावर तुम्हाला नोकरीची परवानगी आहे की नाही, हे निघण्याआधी लेखी घ्या.

बालेवाडीच्या हार्ड कोर्टाची सवय असेल तर क्लेवर पाय घसरू द्यायला शिका. तास संपला की जड जाळी ओढत कडेपासून आत गोल गोल फिरायचं, मग ब्रशने रेषा झाडायच्या. हे कोचही करतो, पोरंही. मोज्यांतली लाल माती कधी पूर्ण जात नाही.

मोरेस्मो डिसेंबर २०२१पासून रोलाँ गारोसची संचालक आहे, त्या जागेवरची पहिली बाई. २०२२मध्ये रात्रीच्या दहा सत्रांत बायकांचा सामना एकच होता, आणि त्याचं समर्थन करताना पुरुषांचं टेनिस जास्त आकर्षक असल्यासारखं ती बोलली. मला ते फार लागलं. तरी तिच्याबद्दलचा आदर कमी झाला नाही. म्हणून तर ते लागलं.

क्लबांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, पण माणसं त्याआधीच ठरतात. तेव्हा जूनमध्ये भेटी घ्या, आणि बुधवारी दुपारी जा. त्या दिवशी लहान मुलांना शाळा नसते किंवा अर्धाच दिवस असते, कोर्टं मुलांनी भरलेली असतात आणि मदतीचे दोन हात सगळ्यांनाच हवे असतात.