ड्रेसिंगमधला धातू अंगात उतरतो का?

डायबेटिसवाल्यांच्या पायाला जखम झाली की घरचे हा प्रश्न विचारतातच, म्हणून निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांची केस सांगते (ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये). तळपायाला जखम, साखर वाढलेली, नाशिकला डॉक्टरांनी चांदीचं ड्रेसिंग (जंतू आवरायला चांदी घातलेली पट्टी) लिहून दिलं तर काका अडून बसले, "ताई, धातू रक्तात गेला तर किडनी जाईल माझी." पोराचं उलटंच, त्याने मोबाईलवर झिंक ऑक्साईडच्या (जस्ताच्या संयुगाच्या) नॅनोकणांबद्दल, म्हणजे अतिबारीक कणांबद्दल वाचलेलं, म्हणे तेच मागवू, सगळे जंतू मरतात, मग अँटिबायोटिकच्या गोळ्या कशाला.

काकांना द्राक्षावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणावरून सांगितलं. मोरचूद-चुना फवारता ना, त्यातलं तांबं बुरशी मारतं, पण प्रमाण चुकलं की पान करपतं. झिंक ऑक्साईडचंही तसंच. कण 100 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक, म्हणून जंतूला भिडणारा पृष्ठभाग खूप जास्त, त्यातून झिंकचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटतात, ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होतात आणि जंतूचं आवरण फाटतं. स्टॅफिलोकोकस, स्युडोमोनास या जखमेतल्या दोन्ही जंतूंवर लॅबमध्ये परिणाम दिसलाय. पण डोस वाढला तर जखम भरून आणणाऱ्या आपल्याच पेशी मरतात, आणि बरंचसं काम अजून लॅबमध्ये नि उंदरांवर झालेलं, तेव्हा ऑनलाइन पावडर मागवून जखमेवर अजिबात टाकायची नाही, हे पोराला कडक शब्दांत सांगितलं. गोळ्याही मनाने बंद करायच्या नाहीत, ड्रेसिंग वरवरचे जंतू आवरतं, खोल गेलेलं इन्फेक्शन नाही.

चांदीचं म्हणाल तर एवढ्याशा जखमेतून रक्तात उतरते ती अगदी थोडी, मोठं भाजलेलं असेल आणि खूप दिवस लावायची असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात. किडनीला खरा धोका वाढलेल्या साखरेचा आहे काका, असं म्हटल्यावर ते गप्प झाले.

मग मी विचारलं, दिवसभर पाय कुठे असतो? तर बागेत! पायाला बधिरपणा, त्यामुळे दुखत नाही, आणि माणूस जखमेवरच उभा राहून कामं करतोय. असं असेल तर सोन्याचं ड्रेसिंग लावलं तरी जखम भरणार नाही हो. दाब काढायला खास चप्पल, साखर आटोक्यात, पायाचा रक्तपुरवठा तपासणं, मेलेलं मांस डॉक्टरांकडून काढून घेणं, हे आधी. काकांनी चांदीचं ड्रेसिंग लावून घेतलं, फवारणी पोराकडे दिली. ताप आला, लाली वर चढली, वास आला किंवा बोट काळं पडलं तर त्याच दिवशी दवाखाना, हे सूनबाईंना लिहून दिलंय.