आधी जागा विचार

प्रिय मुली,

चिनी समाजातल्या समलिंगी प्रेमावरच्या तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आणि सोबतचं लांबलचक पत्र, दोन्ही वाचलं. सर म्हणतात, प्राचीन चीनपुरतंच ठेव, वाद नकोत. तुला लिहायचंय तैपेई-हाँगकाँगच्या रात्रींवर. शिवाय मनात सल आहे की जिथे बघावं तिथे पुरुषच, आपल्यासारख्या मुली कुठे होत्या? म्हणून विषयच बदलू का, असं विचारतेस.

विषय बदलायचा नाही. बदलायचा तो तुझा पहिला प्रश्न. ‘चिनी समाज पूर्वी उदार होता का?’ यातून काही हाती लागणार नाही. आधी जागा विचार. ही माणसं भेटत होती ती जागा कुठली, मालक कोण, भाडं कोण भरत होतं, आत कुणाला शिरता येत होतं आणि कुणाच्या शब्दावर ती बंद होत होती?

तुझं प्रकरण त्या कापलेल्या बाहीपासून सुरू होतं. हान सम्राट आयच्या बाहीवर त्याचा प्रियकर दोंग श्येन झोपलेला, त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने बाहीच कापली. गोष्ट गोड आहे, दोन हजार वर्षं सांगितली जातेय. पण तू तिथेच थांबलीस याचा मला राग आला. अगं, पुढे वाच ना! इ.स.पू. १ मध्ये सम्राट वारला. दोंग श्येन तेव्हा राज्याच्या सर्वोच्च पदांपैकी एकावर होता, वय विशीच्या जरा पुढे. सम्राटामागे सत्ता हाती घेतलेल्या वांग मांगने त्याचं पद काढून घेतलं. त्याने आणि त्याच्या बायकोने जीव दिला, आणि हे मेल्याचं सोंग असेल या संशयाने वांग मांगने शवपेटी उघडायला लावली. वेईच्या राजाचा लाडका मीत्स श्या, त्याचंही तेच. राजाला त्याने आपला उष्टा पीच दिला तेव्हा ते प्रेम ठरलं. मर्जी उतरल्यावर तोच पीच गुन्हा ठरला. हान फेई या प्राचीन विचारवंताने ती गोष्ट लिहिली तीच मुळी राजाच्या मर्जीवर विसंबू नये हे सांगायला. राजवाडा ही एका माणसाची जागा. तिथे मिळालेल्या सवलतीला समाजाची उदारता म्हणू नकोस.

आता मुली. त्यांच्यासाठी दक्षिण चीनमधल्या ग्वांगतुंग प्रांतात, शुन्देला जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे वाफेवर चालणाऱ्या रेशीमगिरण्या आल्या, कोश उकलायच्या कामावर बायका लागल्या, आणि बाईच्या हातात तिची स्वतःची मजुरी आली. तिथे कुमारिकेची लांब वेणी असायची आणि लग्नाच्या वेळी केस वर बांधले जायचे. या मुलींनी तो विधी लग्नाशिवायच केला. देवासमोर वेणी सोडली, केस विंचरून अंबाडा घातला आणि लग्न न करण्याची शपथ घेतली. पुढची अडचण बघ. अशा बाईने माहेरी मरणं अशुभ मानलं जाई, आणि सासर तर नव्हतंच. मग त्यांनी पैसे एकत्र करून घरं घेतली, तिथे एकत्र राहिल्या, म्हातारपणी एकमेकींचं दुखलंखुपलं बघितलं. रेशमाचा धंदा बसल्यावर कितीतरी जणी सिंगापूर-हाँगकाँगला घरकामाला गेल्या. सिंगापुरात राबलेल्यांनी पाठवलेल्या पैशांतून १९५० च्या सुमारास जुन्आन गावात बांधलेलं ‘पिंग-यू थांग’ हे असंच एक घर आजही उभं आहे. त्या सगळ्या एकमेकींच्या प्रेयसी होत्या असं लिहिलंस तर ते खोटं होईल. काही जोड्या होत्या. बऱ्याच जणींना फक्त सासर नको होतं. पण दोघी एकत्र म्हाताऱ्या होऊ शकतील असं छप्पर त्यांनी स्वतःच्या मजुरीतून उभं केलं. तुझं पहिलं प्रकरण हे आहे, सम्राटाची बाही नव्हे.

कायद्यापासून सुरुवात करू का, हेही विचारलंस. कर, आणि मग स्वतःच बघ कायदा किती थोडं सांगतो ते. हाँगकाँगात पुरुषांच्या संबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. इंग्रजांनीच दिलेला कायदा, आपल्या कलम ३७७ चा सख्खा भाऊ. तरी १९७८ मध्ये तिथल्या लॅन क्वाय फाँग भागात ‘डिस्को डिस्को’ हा क्लब सुरू झाला आणि तिथे पुरुष पुरुषांबरोबर नाचले. बाहेर त्याच सुमारास पोलिसांचं एक खास पथक अशा पुरुषांच्या मागावर होतं. १९८० च्या जानेवारीत, याच आरोपाखाली अटक व्हायच्या दिवशीच, जॉन मॅक्लेनन हा पोलीस निरीक्षक स्वतःच्या घरात पाच गोळ्या लागून मेलेला सापडला. ते शहर हादरलं. कायदा बदला, अशी शिफारस १९८३ मध्ये झाली, बदल १९९१ मध्ये. आपल्याला तर २०१८ उजाडलं.

तैवानात असा कायदाच नव्हता. म्हणून तिथे मोकळीक होती का? तैपेईचं न्यू पार्क, आताचं २२८ शांती उद्यान, मार्शल लॉच्या काळापासून या पुरुषांची रात्रीची जागा. पण ती सरकारी जागा. १९९७ च्या जुलैत शेजारच्या छांग-द रस्त्यावर पोलिसांनी त्यांना अडवलं, ठाण्यात नेलं, फोटो काढले. मुली त्या उद्यानात का दिसत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. रात्रीचं उद्यान बाईचं नव्हतं. त्यांना दार लागेल अशी खोली हवी होती, आणि ऐंशीच्या दशकात तैपेईत ‘टी-बार’ निघाले तेव्हा ती मिळाली. टी म्हणजे पुरुषी ढंगाने राहणारी, तिची जोडीदारीण ‘पो’.

तिथल्या एका टी-बारमध्ये मी अनेक रात्री बसले आहे. मालकीण गल्ल्याशेजारी एक वही ठेवायची. भाडं, वीज, बिअरच्या पेट्या, उधारी. तिच्यामागे ती वही कुणीच जपली नाही, आणि ही खंत माझ्या मनातून जात नाही. तिथल्या मुलींचा इतिहास त्या उधारीच्या पानांत होता.

म्हणूनच मी हट्ट धरला. एका प्रकाशकाला माझ्याकडून बाही आणि पीचच्या कथांचं देखणं पुस्तक हवं होतं. मी म्हटलं, उद्यानं आणि बार आधी. पुस्तक निघालं नाही. हट्ट नडला, असं माझीच माणसं म्हणतात. नडला असेल. तरी मी बरोबर होते. राजांच्या गोष्टी दोन हजार वर्षं टिकल्या, आणखी टिकतील. त्या वह्या रद्दीत जातात.

शब्दांनाही हाच प्रश्न विचार. ‘तोंगझी’ म्हणजे कॉम्रेड, चिनी प्रजासत्ताकाचा संस्थापक सुन यत-सेन याच्या मृत्युपत्रातला शब्द. समलिंगी माणसांसाठी तो रुजला १९८९ मध्ये हाँगकाँगच्या चित्रपट महोत्सवातून. बीजिंगच्या प्रमाण शब्दकोशाने २०१२ च्या आवृत्तीत हा अर्थ घेतला नाही. महोत्सवाचं सभागृह एकाच्या हातात, शब्दकोशाचं कार्यालय दुसऱ्याच्या.

चीनच्या मुख्यभूमीबद्दल एक प्रकरण पुरे. ज्याखाली समलिंगी पुरुषांना पकडत ते ‘गुंडगिरी’चं कलम १९९७ मध्ये गेलं, २००१ मध्ये मानसिक आजारांच्या यादीतून समलैंगिकतेचं नाव गेलं, आणि लोकांना वाटलं आता सुटलो. समलिंगी लोकांचा उत्सव, शांघाय प्राइड, २०२० मध्ये थांबला. बीजिंगचं एलजीबीटी केंद्र २०२३ च्या मे महिन्यात बंद झालं. कारण दिलं, ‘आमच्या हाताबाहेरची परिस्थिती’. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही.

सरांशी मी बोलते; वाद झाला तर तो माझ्या अंगावर येऊ दे. तू पंधरा दिवसांत मला ठिकाणांची यादी पाठव. प्रत्येक ठिकाणापुढे शहर, रस्ता, सुरू झाल्याचं साल, बंद झाल्याचं साल, मालकी आणि भाडं. जिथे माहिती नसेल तिथे रकाना कोरा ठेव, अंदाज लिहू नकोस. टी-बारच्या रकान्यांपासून सुरुवात कर. तिथल्या ज्या बायका आज साठीच्या पुढे आहेत त्यांच्याशी बोलायला आधी जा, ग्रंथालयात नंतर.

तुझी,
ताई