पूर-भूकंपात परदेशी मदत संस्था आपसात कामं कशी वाटून घेतात?

तुम्ही विचारलंय की एवढ्या संस्था येतात, मग सगळ्या एकाच गावात जाऊन धडकत नाहीत का. धडकतात की! आमच्या बडोद्याचंच सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आम्ही सुखडी आणि पुरी-भाजीची पाकिटं घेऊन निघालो, मेन रोडच्या सोसायटीत पोचलो तर एक काकू म्हणाल्या, भाऊ, सकाळपासनं ही तिसरी गाडी, प्यायचं पाणी असेल तर द्या. आणि मागच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, तिथे दुपारपर्यंत कुणी फिरकलंच नव्हतं.

तिकडेही हेच होतं, फक्त टेम्पोच्या जागी विमान. म्हणून 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी क्लस्टर पद्धत आणली, म्हणजे कामाचे विषय वाटून टाकले. आरोग्य डब्ल्यूएचओकडे, पाणी-संडास युनिसेफकडे, मालवाहतूक जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, वगैरे. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानातल्या भूकंपात पहिल्यांदा वापरली. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं काम संयुक्त राष्ट्रांचंच 'ओचा' नावाचं ऑफिस करतं, आणि त्यांचं मुख्य हत्यार काय तर एक तक्ता: कोण, काय, कुठे. बस. रकाना रिकामा दिसला की कळतं तिकडे कुणी गेलेलं नाही.

पण ओचा कुणाची बॉस नाही हां, हुकूम देऊ शकत नाही. प्रत्येक संस्थेचे देणगीदार वेगळे, हिशोब वेगळे. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती तर मीटिंगला बसते पण क्लस्टरच्या हाताखाली येत नाही, युद्धात दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवावा म्हणून. शिवाय त्या देशाच्या सरकारची हो लागतेच. 2004 च्या त्सुनामीत आपण परदेशी सरकारांची मदत नको म्हणालो आणि उलट श्रीलंकेला आपली जहाजं पाठवली. आणि सगळं जमलं तरी 2015 ला नेपाळात काठमांडूला धावपट्टीच एक, ती खराब व्हायला लागली तशी जड विमानं बंद केली, मग तक्ता काय करणार?

आम्हीही दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर असाच तक्ता केला, गल्ली, घरं, लहान मुलं किती, दूध पोचलं का. बहुतेकांनी भरला. एका मंडळाने शेवटपर्यंत भरला नाही, त्यांचा बॅनर मेन रोडलाच दिसणार होता ना.