फोनवरून भांडताना बाजू कोणाची घ्यायची? – वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये ‘कोणता फोन घेऊ’ विचारणारे कमी आहेत आणि फोनवरून किंवा गेमवरून कोणाशी तरी वाजलंय असं सांगणारेच जास्त. म्हणून हा महिना त्यांनाच देतेय.

प्रश्न: मी सांगलीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोजागिरीला गच्चीवर नवीन फोनने चंद्राचा फोटो काढला, वरचे डाग, खड्डे सगळं दिसतंय. ग्रुपवर टाकला तर रूममेट म्हणतो हा खोटा आहे, फोन आतला साठवलेला चंद्र चिकटवतो. मी म्हटलं मी स्वतः काढलाय, तू होतास ना तिथे. त्यावरून इतकं वाढलं की आता मेसमध्ये पण वेगळ्या टेबलवर बसतो. बरोबर कोण?

उत्तर: अर्धा तू, अर्धा तो. हे भांडण जुनं आहे आणि त्याचा निकाल एका माणसाने घरबसल्या लावायचा प्रयत्न केला होता, तो ऐक. मार्च 2023 मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवर एकाने प्रयोग टाकला. नेटवरून चंद्राचा चांगला फोटो घेतला, तो बारीक करून 170 बाय 170 पिक्सेलवर आणला, वरून ब्लर मारला, म्हणजे खड्डे-बिड्डे सगळे पुसून गेले आणि उरला नुसता पांढुरका गोळा. तो गोळा त्याने मॉनिटरवर लावला, खोलीतले लाइट बंद केले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सॅमसंगच्या लांब झूमच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत खड्डे आले! मॉनिटरवर जे नव्हतंच ते फोटोत आलं म्हटल्यावर ते लेन्समधून आलेलं असणं शक्यच नाही.

त्यानंतर सॅमसंगने सविस्तर खुलासा केला. त्यांचं म्हणणं असं की आम्ही वरून दुसरा फोटो चिकटवत नाही, पण 25 पट किंवा त्याहून जास्त झूमला, सीन ऑप्टिमायझर (समोर काय आहे ते ओळखून फोटो सुधारणारं सेटिंग) चालू असेल तर, फोन आधी ‘हा चंद्र आहे’ असं ओळखतो, मग दहापेक्षा जास्त फ्रेम एकत्र करून नॉइज (फोटोतले ते कण-कण) कमी करतो आणि शेवटी चंद्राचे ढीगभर फोटो बघून शिकवलेलं एआय मॉडेल बारकावे वाढवतं. आता गंमत बघ, चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते. सांगलीतून बघ नाहीतर सोलमधून, डाग तेच. हात लांब करून करंगळीचं नख धरलंस तर त्यामागे अख्खा चंद्र झाकला जातो एवढा तो आपल्याला लहान दिसतो, मग फोनच्या टिचभर सेन्सरवर त्याचा किती भाग पडत असेल विचार कर. म्हणून शिकवायला चंद्रासारखं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही. तुझ्या बहिणीचा चेहरा असा आधीपासून पाठ करून ठेवता येत नाही.

तर रूममेटचं ‘चिकटवतो’ हे चूक, निदान कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तरी, आणि तुझं ‘मी काढला म्हणजे खरा’ हे पण पुरतं नाही, कारण त्यातले काही बारकावे फोनने भरलेले असू शकतात. तुझा फोन कोणता ते तू लिहिलं नाहीस, पण प्रयोग कुठल्याही फोनवर होतो. आज रात्री दोघांनी मिळून करा, तोच लॅपटॉप, तोच ब्लर केलेला गोळा, एकदा एआयवालं सेटिंग चालू ठेवून आणि एकदा बंद करून, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ग्रुपवर टाका. एक लक्षात ठेव, इथे तुझा मित्र तुझ्या विरोधात बोलत नव्हता, तू पैसे दिलेस त्या वस्तूने तुला नीट सांगितलं नाही असं तो म्हणत होता. तो तुझ्याच बाजूचा होता.

प्रश्न: 2020 साली मी सायबरपंक 2077 साठी लोकांशी खूप भांडलो, माझ्या पीसीवर गेम मस्त चालत होता आणि सगळे शिव्या घालत होते. आता तेच लोक म्हणतात काय भारी गेम आहे. मग मी बरोबर होतो ना? – पुण्यातून, सध्या मुक्काम आयर्लंड

उत्तर: तुमच्या पीसीपुरते बरोबर होता. पण भांडलात कोणाशी ते बघा. गेम आला 10 डिसेंबर 2020 ला आणि पीएस4 या सोनीच्या जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर) त्याची इतकी वाईट अवस्था होती की आठवडाभरात सोनीने तो स्वतःच्या स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. एवढा मोठा गेम असा काढला जाणं ही साधी गोष्ट नव्हती. गेम यायच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची कॉपी दिली होती, वर स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायची पण परवानगी नव्हती, म्हणजे पीएस4 वाल्याला पैसे भरेपर्यंत कळायची सोयच नव्हती की आपल्या पदरात काय पडणार आहे. पुढे जानेवारीत गेम बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने व्हिडिओ करून माफी मागितली. स्टोअरवर गेम परत आला तो 21 जून 2021 ला.

त्या दिवसांत पीएस4 वाले रडत होते तेव्हा त्यांना एकच उत्तर मिळत होतं, ‘तुझं मशीन जुनं आहे.’ अहो, पण गेम त्या मशीनसाठी म्हणूनच विकला होता ना! डब्यावर तसं छापलं होतं. आणि लोक ज्याचं आज कौतुक करतात ते 2.0 अपडेट सप्टेंबर 2023 मध्ये आलं, ते पीसी आणि नव्या कन्सोलसाठी, पीएस4 ला ते मिळालंच नाही. म्हणजे ‘गेम सुधारला’ हे खरं, पण पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त फसले त्यांच्यासाठी तो तेवढा सुधारलाच नाही, हे मला अजूनही खटकतं. पुढच्या वेळी असा वाद निघाला की पहिला प्रश्न ‘तू कशावर खेळलास?’ हा विचारा, निम्मे वाद तिथेच संपतात.

प्रश्न: सरकारने ऑनलाइन गेमिंग बंद केलं, बीजीएमआय खेळलं तर जेल होते असा मेसेज आमच्या बीडच्या भावकीच्या ग्रुपवर फिरतोय. चुलते ऐकायलाच तयार नाहीत.

उत्तर: काकांना सांगा, ऑगस्ट 2025 चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. पैसे भरायचे आणि जिंकलो तर पैसे मिळतील म्हणून खेळायचं, असले प्रकार बंद झाले, त्यांच्या जाहिराती बंद झाल्या. ड्रीम11 ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या त्या यामुळेच. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या संघटित स्पर्धांना, त्याच कायद्याने वेगळी मान्यता दिलीय. पण काकांचा गोंधळ समजण्यासारखा आहे हो, सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी बंद झाला, जुलै 2021 मध्ये तो बीजीएमआय नावाने आला, जुलै 2022 मध्ये तोही स्टोअरवरून गायब झाला आणि मे 2023 मध्ये परत आला. एवढं येणं-जाणं झाल्यावर कोणीही गोंधळेल. जुन्या बातमीचे स्क्रीनशॉट तारीख कापून फिरवतात, त्यामुळे वाद घालायच्या आधी काकांकडे फक्त तारीख मागा.

प्रश्न: जीटीए 6 च्या नावाने म्हापशातल्या आमच्या गेमिंग कॅफेत रोज वाद. कोण म्हणतो लीक खरी, कोण म्हणतो तारीख परत पुढे गेली. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर: तारखेचं सोपं आहे. ती फक्त हा गेम बनवणारी रॉकस्टार स्वतः सांगते किंवा तिची मालक कंपनी टेक-टू तिमाही निकालात सांगते. डिसेंबर 2023 च्या ट्रेलरमध्ये 2025 म्हटलं होतं, मग 26 मे 2026 झालं, मग नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की 19 नोव्हेंबर 2026. तिन्ही वेळा पक्की बातमी त्यांच्याच तोंडून आली. बाकी ‘आतल्या माणसाने सांगितलं’ म्हणणाऱ्या चॅनलला व्ह्यूज मिळतात, तुम्हाला काहीच मिळत नाही.

लीक खरी असते कधी कधी, ते पण सांगते. सप्टेंबर 2022 मध्ये नव्वदच्या आसपास व्हिडिओ फुटले आणि रॉकस्टारने दुसऱ्याच दिवशी मान्य केलं की आमचेच आहेत. पण खरी लीक बघून पण लोक चुकीचंच भांडले. ग्राफिक्स कसे भंगार आहेत, म्हणे ग्राफिक्स तर सगळ्यात आधी तयार होतात! त्यावर जगभरच्या गेम बनवणाऱ्यांनी आपापल्या गेमचे सुरुवातीचे व्हिडिओ काढून दाखवले. कंट्रोल नावाच्या गेमला ग्राफिक्ससाठी बक्षिसं मिळाली होती, त्याच्या डिझायनरने दाखवलेल्या क्लिपमध्ये नुसते राखाडी ठोकळे. घराचा स्लॅब पडायच्या आधी रंग बघायला गेल्यासारखं ते. वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसांचं अर्धवट काम चोरून बाहेर आलं आणि त्यावर आपण हसलो, हे मला बरं वाटत नाही.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत कमेंटमध्ये अनोळखी लोकांशी भांडतो, कुठली कंपनी भारी आणि कुठली भंगार यावरून. परवा कोणीतरी त्याच्या फोनला ‘गरिबांचा फोन’ म्हटलं तर जेवला नाही, रडला. फोन त्याच्या बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलाय. मी ओरडले. आता मला सांगतच नाही काही. – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

आधी कंपनीचं बोलते मग मुलाचं. आपण ज्या कंपनीसाठी भांडतो ती कंपनी आपल्यासाठी भांडत नाही, हे त्याला उदाहरणातून दाखवा, नुसतं सांगून पटणार नाही. 2016 मध्ये आयफोन 7 मधून हेडफोनची पिन लावायची जागा काढली. त्याच वर्षी गूगलने पिक्सेलच्या जाहिरातीत आमच्याकडे ती आहे म्हणून मिरवलं आणि 2017 च्या पिक्सेल 2 मधून ती काढून टाकली. सॅमसंगने 2017 मध्ये आयफोनवाल्याची खिल्ली उडवणारी जाहिरात केली, 2019 च्या नोट 10 मध्ये स्वतःच ती जागा काढली. 2020 मध्ये ॲपलने डब्यातला चार्जर काढला, सॅमसंगने त्यावरून टोमणा मारणारी पोस्ट टाकली आणि काही महिन्यांनी एस21 च्या डब्यात त्यांचाही चार्जर नव्हता, टोमण्याची पोस्टही गायब झाली. या प्रत्येक वेळी दोन्हीकडची पोरं रात्र रात्र भांडली असतील, आणि शेवटी दोन्हीकडच्यांना चार्जर वेगळे पैसे देऊनच घ्यावा लागला.

माझ्या आधीच्या फोनला एका अपडेटनंतर सकाळी उठून बघते तर उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत हिरवीगार रेघ. पडला नव्हता, भिजला नव्हता. सर्व्हिस सेंटरवाल्याने वॉरंटी संपली म्हणून स्क्रीनचे साडेअकरा हजार सांगितले. मी ते लिहून टाकलं तर पहिल्या दहा कमेंट काय, ‘चार्जिंगला लावून गेम खेळत असाल’, ‘लोकल चार्जर वापरला असेल’, ‘आमचा तर मस्त चालतोय’. मला रेघेपेक्षा त्याचं जास्त लागलं. पण त्याच कमेंटमध्ये खाली तशीच रेघ आलेले सात जण निघाले. आम्ही बिलं आणि फोटो जोडून मेल केले, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली, आणि महिन्या-दीड महिन्याने सगळ्यांना स्क्रीन फुकट बदलून मिळाली. तुमच्या मुलाला भांडायची हौस आहे ना, त्याला हे भांडण शिकवा. कोणाचा फोन बिघडला असेल तर त्याला बिल कसं शोधायचं, तक्रार कशी लिहायची हे सांगणारा मुलगा प्रत्येक ग्रुपला हवा असतो. आणि किती वर्षं अपडेट देणार हे कोणी लेखी सांगितलंय यावर त्याने खुशाल वाद घालावा, गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने एस24 पासून सात वर्षांचं सांगितलंय, मग दहा-पंधरा हजारांच्या फोनला एवढी कमी का? हा प्रश्न कंपनीला विचारण्यासारखा आहे, आणि तो तुमच्या घरातल्या फोनचाच प्रश्न आहे.

आता मुलाचं. तो कंपनीसाठी रडला असं मला वाटत नाही. ‘गरिबांचा’ हा शब्द त्याला लागला आणि तो त्याने बाबांवर घेतला. बाबा दर महिन्याला हप्ता भरतायत हे त्याला माहीत आहे, म्हणून तो त्या फोनची बाजू घेत बसला अकरा वाजेपर्यंत. हे त्याला सांगता येत नसेल, या वयात येत नाही. एखाद्या रविवारी त्याच्या बाबांनाच त्याच्याजवळ बसू द्या आणि दुकानात त्या दिवशी काय काय बघितलं, बजेट किती होतं, कोणता फोन का सोडला आणि हाच का घेतला, हप्ता कितीचा आणि शेवटचा कधी, सगळं सांगू द्या. फोन त्याच्या हातात असतानाच सांगा म्हणावं.